थुंकी आणि बेडका

आयुष्यात मी एकदाच नापास झाले आणि तेही एका रिकाम्या डबीपायी. पुढे लॅबमध्ये सगळी नोकरी झाली, अशा डब्या किती हाताळल्या याची गणती नाही, पण त्या एका डबीचा राग मी बरेच दिवस मनात धरला होता. आता हसू येतं, तेही जरा ओशाळं.

तेव्हा मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होते. घर पेणला. वडील गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. आठवड्यातले तीन दिवस मी पनवेलच्या पुढे कॉलेजला जायचे आणि उरलेले दिवस रोह्याला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून काम करायचे. डॉक्टरांचा दवाखाना पुढे, लॅब मागच्या खोलीत. खिडकीतून अष्टमीच्या पुलावरची वर्दळ दिसायची. पास झालीस की इथंच नोकरी पक्की, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आमच्या अख्ख्या घराण्यात पांढरा कोट घालणारी मी पहिलीच, त्यामुळे माझं नाक तेव्हा बऱ्यापैकी वर असायचं.

मायक्रोबायॉलॉजी माझा लाडका विषय. लहानपणापासून कारखान्यात रंगांमध्ये वाढलेली मी, आणि हा विषय रंगांचाच. कुठला जंतू कुठला रंग धरतो, कुठला सोडतो, कोण माळेत राहतो, कोण घोसात, कोण स्वल्पविरामासारखा वाकडा, हे मी वडिलांच्या शेजारी बसून मोठमोठ्यानं पाठ करायचे. ते म्हणायचे, "हळू गो, देवाचा डोळा तिरळा व्हईल." क्षयाच्या जंतूवर तर माझा विशेष जीव. तो एकदा लाल रंग प्यायला की ॲसिडनं धुतलं तरी सोडत नाही. असा हट्टी स्वभाव मला जवळचा वाटायचा.

तोंडी परीक्षेला बाहेरून, मुंबईचे परीक्षक आले होते. किडकिडीत, पांढऱ्या केसांचे, आवाज अगदी बारीक. त्यांनी विचारलं ते सगळं मी धडाधड सांगितलं, इंग्रजीत, एका श्वासात. ते मान हलवत राहिले. मग टेबलावरची एक रिकामी डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाले, "समजा मी पेशंट आहे. तीन आठवडे खोकला आहे. घ्या माझा नमुना."

मला वाटलं, चला, सुटले. एवढा सोपा प्रश्न. मी डबी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "थुंकी द्या."

त्यांनी डबी तोंडाजवळ नेली, थुंकल्यासारखं केलं आणि परत दिली. "घ्या."

मी डबीवर नाव, नंबर, तारीख लिहिल्याचा अभिनय केला.

"आत बघायचंय काही?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मला काही सांगायचंय?"

"नाही सर. आता काचेवर स्मिअर करायचा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पुढच्या खेपेला या."

मी नापास झाले. रडले कमी, चिडले जास्त. मुंबईच्या माणसाला पेणच्या पोरीचं पाठांतर खुपलं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. वडील म्हणाले, "रंग नाय बसला तर आम्ही घासून परत देतो. तूपण परत दे." त्यांच्यावरही मी वसकले. रोह्याच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे कॅलेंडर बघितलं. "डिसेंबरात परत बस. तोवर तुझी जागा धरून ठेवतो. त्यानंतर मला माणूस बघावा लागेल."

अशा मनःस्थितीत मी असताना आत्या खोकत खोकत आमच्याकडे आली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. धरमतरच्या खाडीकडच्या गावात तिचं सासर. दिवाळीनंतर मिठागरावर काम आणि पावसाळ्यात खारजमिनीतली भातशेती, असं तिचं वर्ष. यजमान वारले होते, घरात मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. ही नात रात्रंदिवस आत्याच्या पदराला चिकटलेली, झोपायलाही तिच्याच कुशीत. लहानपणी मी बरेच दिवस तिच्याकडे असायचे, तेव्हा मीही तशीच चिकटायचे. आई गेल्यानंतर माझ्या दोन वेण्या घालायला शिकली ती आत्या, ते डोळे रंगवणारे वडील नाहीत. ती दर सोमवारी बाजाराला पेणला यायची आणि येताना माझ्यासाठी काहीतरी पदराआड घेऊन यायची. त्या वर्षी मिठाचा हंगाम संपला तेव्हा ती आली, तर ब्लाउजच्या बाह्या तिला सैल झाल्या होत्या.

"खाऱ्या वाऱ्याचा खोकला हाय. पाऊस परला का जाईल," ती म्हणाली.

पाऊस पडला, लावणी झाली, खोकला गेला नाही. संध्याकाळी अंग तापायला लागलं. मी तिला बळंच गाडीत घालून रोह्याला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि दोन गोष्टी लिहून दिल्या, थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो. फोटोसाठी दुसरीकडे जायला लागणार होतं. थुंकी माझ्याच हातातली गोष्ट होती.

मी आत्याला डबी दिली आणि रुबाबात सांगितलं, "आत्या, सकाळी उठल्या उठल्या यात थुंकी द्यायची. काही खायच्या प्यायच्या आधी. दोन दिवसांच्या दोन डब्या." आणि मग, शिकलेली असल्यामुळे, इंग्रजीतही एकदा सांगितलं.

तिनं डब्या अगदी वेळेवर पाठवल्या. पेणला कामाला येणाऱ्या तिच्या गावच्या एका बाईबरोबर, रुमालात गुंडाळून. डब्या लख्ख होत्या. बाहेरून पुसलेल्या आणि आतलंही पाण्यासारखं स्वच्छ. मी दोन्हींच्या काचा केल्या, रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर शंभर ठिकाणं बघितली. सगळीकडे निळं. लाल एकही काडी नाही, म्हणजे क्षयाचा जंतू नाही. डॉक्टर कामात होते. मी निकाल वहीत लिहिला आणि त्यांच्या सहीसाठी ठेवला. सही करताना ते एवढंच म्हणाले, "फोटो काढून घ्या तरीही."

मी खाडीवर निरोप घेऊन गेले ते नाचतच. टीबी नाय! आत्यानं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. फोटोचं मी सांगितलं, पण माझ्याच आवाजात जोर नव्हता. ती म्हणाली, "पोरीनी डोल्यानी बघून सांगितला ना काय नाय म्हनून? मंग फोटो कशाला?" सून मुलीला घेऊन उभी होती. तिलाही बरं वाटलं. माझ्या त्या कागदानं सगळ्यांना बरं वाटलं आणि सगळे गप्प बसले.

पुढचे दीड-दोन महिने मी आठवायलाच नको म्हणते. आत्या वाळत चालली. कुणी फोटोचा विषय काढला की ती माझा रिपोर्ट दाखवायची, घडी घालून देवाच्या फडताळात ठेवलेला. डॉक्टरांनी औषध दिलं, बदलून दिलं, आणि एक दिवस माझ्यापुढे वही टाकून म्हणाले, "पुन्हा नमुना घे. मला हा निकाल पटत नाही."

मला राग आला. माझ्या काचांवर अविश्वास! मी पुन्हा डबी पाठवली, पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ थुंकी आली, पुन्हा सगळं निळं. आता तर मी ठासून सांगायला मोकळी झाले.

गणपती जवळ आले होते. कारखान्यात वडिलांना मान वर करायला वेळ नव्हता. आत्याच्या घरची मूर्ती दरवर्षी वडीलच निवडून द्यायचे, त्या वर्षी ती पोचवायला मी गेले. पाऊस लागला, शेवटची एसटी चुकली आणि मी तिथंच राहिले. आत्यानं मला आपल्याशेजारी झोपू दिलं नाही. "मी खोकत बसतंय, तुझी झोप मोरंल," म्हणाली. नात मात्र तिच्याच कुशीत होती.

सकाळी फेरतपासणीची दुसरी डबी मी आत्याच्या हातात दिली आणि चुलीजवळ चहाला बसले. मागचं दार उघडं होतं. आत्या पडवीच्या कडेला गेली, वाकली, छातीवर हात दाबून धरला आणि असा खोल खोकला काढला की मलाच बरगडीत दुखलं. जे आलं ते तिनं राखेच्या ढिगावर टाकलं आणि पायानं राख ओढून झाकलं. मग मिश्री लावली. दात घासले, जीभ घासली, तीनदा चूळ भरली. पदरानं तोंड पुसलं. मग डबी उघडली, तोंडात लाळ जमवली आणि नाजूकपणे, देवाला तीर्थ सोडावं तशी, आत सोडली.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आत्या, ते राखेत काय टाकलंस?"

"तो बेडका," ती म्हणाली. "सकालचा येतो घान."

"मग तो डबीत का नाही दिलास?"

तिनं माझ्याकडे बघितलं ते मलाच काहीतरी झालंय असं. "तू थुंकी मागितलीस ना गो? थुंकी म्हंजे थुंकी, बेडका म्हंजे बेडका. आनि तू ती डोल्यानी बघनार. तुला घान देऊ? म्हनून रोज आदी सगला काढून टाकतंय, तोंड धुतंय, मंग देतंय."

मी तिथंच पडवीत बसले. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. बेडका हा शब्द मला येत नव्हता असं थोडंच होतं? त्याच घरात, त्याच अंगणात मी तो ऐकत वाढले होते. पण शाळेत गेल्यावर मी आत्याच्या घरचे बरेच शब्द टाकून दिले होते, आणि हा तर पहिल्यांदा टाकला असेल. कॉलेजात म्हणायचे स्पुटम, दवाखान्यातल्या पाटीवर थुंकी, आणि आजार बसला होता नेमका बेडक्यात. आत्यानं माझं म्हणणं अक्षर न अक्षर पाळलं होतं. पाळायला सांगितलेलंच चूक होतं. आणि मला ती रिकामी डबी आठवली. आत बघायचंय काही? मला काही सांगायचंय? म्हातारा मला पायरी पायरीनं सांगत होता आणि मी नाही सर, नाही सर करत होते.

त्या दिवशी मी रोह्याला गेलेच नाही. दुसऱ्या सकाळी आत्याला उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला नेलं, साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि म्हटलं, "आज सगळी घाण मला दे. जेवढी घाण तेवढी चांगली." ती लाजून हसायला लागली आणि हसता हसता खोकला आला. पण मी समोर उभी होते तोवर तिच्याकडून काही येईना. मी पाठ फिरवून खाडीकडे तोंड केलं. मग आला. पिवळट, घट्ट. तिनं झाकण लावून डबी पदराखाली लपवून मला दिली.

गाडीत मी ती डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. लॅबमध्ये कुणाशी न बोलता काच केली, रंग घातला, खालून वाफ येईतो तापवली, ॲसिडनं धुतली, निळा रंग दिला. तेलाचा थेंब टाकून डोळा लावला आणि शंभर ठिकाणं बघायची गरजच पडली नाही. पहिल्याच ठिकाणी होते. कारखान्यात लाल रंगाच्या ब्रशचे तुटलेले केस निळ्या वाटीत पडायचे, तसे. चार, पाच, पुढे अजून.

आनंद झाला, हे मी लपवणार नाही. माझ्या आत्याच्या छातीतला क्षय डोळ्यांसमोर दिसत होता आणि मला सापडला, सापडला असं ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच क्षणी ती चार वर्षांची पोर आणि देवाच्या फडताळातला माझा रिपोर्ट आठवला. डॉक्टर आले, त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघत राहिले. मी सगळं सांगून टाकलं, राखेपासून मिश्रीपर्यंत. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं." आणि वहीतले माझे आधीचे निकाल त्यांनी स्वतःच्या हातानं खोडले.

आत्याचं औषध सुरू झालं. सुरुवातीला रोजची सुई, मूठभर गोळ्या, त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी झाली म्हणून घरभर घाबरगुंडी. नातीला तपासलं, ती सुखरूप होती. तिच्यासाठीही डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पहिले काही आठवडे तिला आजीपासून वेगळं झोपवलं तर दोघीही रडल्या. त्या फडताळातला कागद मी मागून घेतला आणि आत्याच्या चुलीत घातला. आत्या हळहळली, "कागूद चांगला व्हता गो." माझ्यावर ती एकदाही रागावली नाही. मला ते जास्त लागलं.

डिसेंबरात मी परीक्षेला बसले. परीक्षक तेच. त्यांनी मला ओळखलं नाही. या खेपेला प्रश्न टायफॉइडवर आला, मी एका ठिकाणी अडखळले, मग सावरले. ते म्हणाले, "ठीक आहे, जा तुम्ही."

मी उठले नाही. डबी तिथंच टेबलावर होती. म्हटलं, "सर, गेल्या वेळचा एक प्रश्न राहिलाय माझा."

ते चष्म्यावरून बघायला लागले. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली. "काका, थुंकी नको मला. बेडका हवा. आधी नुसत्या पाण्यानं चूळ भरा, मिश्री नंतर लावा. उघड्यावर जा, दोनदा खोल श्वास घ्या, आणि छातीतून जो येईल तो टाकून देऊ नका, यात द्या. घाण वाटेल, लाजू नका, मला घाणच पाहिजे." आणि मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"पाठ का फिरवलीत?" मागून आवाज आला.

"समोर कुणी उभं असलं तर येत नाही, सर. माझ्या आत्याला येत नाही."

वळले तर ते डबीचं झाकण उघडून आत बघत होते. "आणि मी तरीही नुसती थुंकी दिली तर?"

"तर परत देईन. निकाल लिहिणार नाही."

"कुठल्या तुम्ही?"

"पेणच्या. आत्या धरमतरकडची."

"आत्या कशा आहेत?"

"वजन वाढतंय, सर," मी म्हटलं, आणि तिथं त्या टेबलापुढे मला रडू आलं. माझ्या नावापुढे त्यांनी आकडा लिहिला, तो मला पुढे निकालात कळला. फार मोठा नव्हता, पण पास होते. रोह्याची जागा माझी झाली.

त्यानंतर मी डबी देताना कधी थुंकी म्हणाले नाही. कंपनीत शिफ्ट करणारे असोत, डोंगराकडचे असोत, खाडीकडचे असोत, आधी विचारायचे, तुमच्याकडं याला काय म्हणतात? मग त्यांच्याच शब्दात मागायचे. साफ डबी आली की परत करायचे. त्यावरून लोक वैतागायचे, मला खडूस म्हणायचे. म्हणू देत. माझी भीड गेली होती ती गेलीच.

आत्याच्या औषधाचा शेवट आला तेव्हा मिठाचा हंगाम ऐन भरात होता. शेवटची तपासणी बाकी होती. मी डबी पाठवली आणि सांगून ठेवलं, कसं द्यायचं ते तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती स्वतःच रोह्याला आली. एकटी. स्टेशनपासून चालत. ब्लाउजच्या बाह्या दंडाला घट्ट बसलेल्या, पायाला मिठागराचा पांढरा चिखल तसाच सुकलेला. दारात उभी राहून आत येईना. चेहरा असा, की मी हातातलं काम टाकून उठले.

"काय झालं आत्या?"

तिनं पदराखालून डबी काढली आणि चोरासारखी माझ्या हातात दिली. आत पाण्यासारखं स्वच्छ, बोटभरही नाही.

"रागावू नको गो," ती म्हणाली. "पहाटंपासून बसलंय. पानी पियाले, चालले, छाती बडवून बघितली. बेडका येतच नाय. खोकलाच नाय येत. नुसती थुंकी हाय. चालंल?"

साफ डबी परत करायची हा माझा नियम. मी तिला आत घेतलं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि डबीवर तिचं नाव लिहिलं.

"चालेल," मी म्हटलं.